दुरुस्तीचं पत्रक : आमच्या पहिल्या बाळाचा महिन्याचा खर्च

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाचा खर्च तिच्या आईबापांनीच का करायचा, याचं सरळ उत्तर तुमच्यापैकी कुणी देऊ शकेल का? ‘रीत आहे’ हे उत्तर चालणार नाही. ते ऐकतच मी मोठी झालेय.

आमचं खेडं अळणावरजवळ. तिथून मी धारवाडला शिकायला निघाले त्या सकाळी अप्पा मला सोडायला फाट्यापर्यंत आले. ते लाकूड कापायच्या गिरणीत काम करायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. मजुरीवर, हुंड्यावर, लग्नातल्या उधळपट्टीवर, जे डोक्यात शिरेल त्यावर. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. छापताना एकच बाजू उमटलेल्या वाया गेलेल्या प्रती घरी यायच्या, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायला शिकले. त्या सकाळी बस येईपर्यंत त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, “जे लिहिशील ते आधी स्वतः करून बघ.” आई मागून डबा घेऊन धावत आली. तिची सूचना जास्त उपयोगाची होती, “पोचलीस की फोन कर. आणि पहिल्याच दिवशी कुणाशी भांडण काढू नकोस गे.”

मी दुसऱ्या दिवशी काढलं. खोलीच्या डिपॉझिटवरून.

धारवाडच्या सप्तापूर भागातल्या त्या भाड्याच्या खोलीत मला शहराची पहिली ओळख झाली ती किमतीतून. गावात कढीपत्ता तोडून आणायचा असतो, इथे तो विकत घ्यायचा. गावात पाणी ओढायला कष्ट पडत, इथे पाण्याचे कॅन आणि त्याचा दर. रेंट, लाइट बिल, झेरॉक्स, बसपास असे शब्द माझ्या बोलण्यात कधी शिरले ते कळलंही नाही. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, “बघा, बाईंचं बोलणं बदललं. आता आम्हालाही रेंट लावतील.” आम्ही खूप हसायचो. तरी मी परत निघाले की ती डब्यात एक भाकरी जास्त घालायची, आणि मी ती बसमध्येच खाऊन टाकायचे.

पुढे मी शिकले, इथल्याच एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागले आणि महेशशी लग्न केलं. रजिस्टर लग्न, चहा आणि चिवडा. महेश हुबळीजवळ अमरगोळच्या बाजार आवारात एका अडत दुकानात कारकून आहे. मिरचीची पोती, शेंगांचं वजन, हमाली, तोलाई, सगळं त्याच्या अक्षरात असतं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तर शून्य लिहायचं, ही त्याच्या दुकानाची शिस्त. ती तो घरीही आणतो. माझ्याकडे पत्रकं, त्याच्याकडे रकाने. आमचं बरं जमतं.

मला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात आई-अप्पा गावाहून जीप घेऊन आले, मला न्यायला. आईने साडी आणली होती, ओटीचं सामान आणलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि खर्च माहेरचा. दवाखाना, बाळाचे कपडे, पाळणा, बारशाचं जेवण, जावयाला कपडे. आमच्या गावात या एका रिवाजापायी बायकांनी म्हशी विकलेल्या मी पाहिल्यात. मी दारातच उभी राहून भाषण केलं. बाळ आमचं आहे, खर्च आम्ही करू, माहेरचा एक रुपया घेणार नाही. जीपचा ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. आई शांतपणे म्हणाली, “झालं बोलून? मग बस आता, पाय सुजलेत तुझे.” जीप मला न घेताच परत गेली. आई मागे वळून बघत नव्हती आणि अप्पा सारखे बघत होते.

त्याच आठवड्यात मी आणि महेशने बाळाच्या महिन्याच्या खर्चाचा कागद केला. कॉलेजात तासांवर शिकवणारीला बाळंतपणाची पगारी रजा नसते, त्यामुळे माझी मिळकत पाच महिने बंद. महेशच्या बावीस हजारांत भाडं, गॅस आणि किराणा भागवून बाळासाठी पाच हजार काढायचे होते. मग एकेक ओळ आली. दुपटी आणि लंगोट: जुन्या सुती साड्यांचे, शिलाईचे तीनशे. लसी सरकारी दवाखान्यात, तिथे जायच्या रिक्षाचे दोनशे. अळीव, डिंक, खारीक, तूप: पंधराशे. तेल, साबण: चारशे. आंघोळीच्या पाण्यासाठी वाढणारा गॅस: पाचशे. आजारपणासाठी बाजूला: हजार. बाळाच्या नावाने बचत: अकराशे. बेरीज बरोब्बर पाच हजार झाली तेव्हा आम्ही दोघांनी टाळी दिली. कागदावर आणखी दोन ओळी होत्या. मालीश आणि आंघोळ. बाळंतिणीचा स्वयंपाक. त्यांच्यापुढे महेशने शिस्तीप्रमाणे शून्य लिहिलं, आणि कंसात: आई.

कारण आई येणार होती. तिनेच फोन केला, “तू येत नाहीस तर मी येते. ते तरी चालेल काय तुझ्या तत्त्वाला?” चालेल म्हटलं. महेशची आई हयात नाही, आमच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

नवव्या महिन्यात ती आली ती दहा किलो तांदूळ आणि स्वतःचं पातेलं घेऊन. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं खायचं नाही असा रिवाज आहे. मी संतापले. म्हटलं, “अप्पांनी यावर पत्रक काढलं होतं!” ती तांदूळ निवडत म्हणाली, “काढलं होतं की. माझ्या आईने त्यात शेव बांधून नेली.” आणि मग, “गॅस तुमचा, तांदूळ माझा. एवढ्यावर देवाने मिटवून घ्यावं.” बारा दिवस आमच्या ओट्यावर दोन भात शिजत होते. महेश दोन्हीकडचा खायचा.

तेराव्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात आमची मुलगी झाली. काळीसावळी, मुठी आवळलेली, आणि आवाज असा की नर्सबाई म्हणाल्या, हिला माइकची गरज नाही. महेशने तिथेच तिचं लाडाचं नाव ठिणगी ठेवलं. दुपारी आई घरी गेली आणि महेशने थापलेली भाकरी तव्याजवळ उभ्याउभ्याच खाल्ली. लेकीच्या घरचा पहिला घास. महेश सांगतो, भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेली होती, आणि आई खाताना म्हणाली, “बारा दिवस वास घ्यालेय. आता वाढ आणखी एक.”

ते दिवस आनंदाचे होते, आणि मी ते आनंदाचे होते म्हणूनच लिहितेय. आई ठिणगीला पायावर घेऊन तेल लावायची आणि तिच्याशी कन्नड-मराठी मिसळून बोलायची, “बा माझे अक्का, बा, ये की, कुणावर एवढा राग?” मी अळिवाची खीर खायचे. आमचा कागद तंतोतंत पाळला जात होता. महिना संपला, आणि पाच हजारांतले चाळीस रुपये उरले.

मग मी काय करणार? पत्रक काढलं. ‘पहिलं बाळ, माहेरच्या एका रुपयाशिवाय.’ सगळे आकडे छापले, ती दोन शून्यंही. सप्तापूरच्या झेरॉक्सच्या दुकानातून शंभर प्रती काढल्या. महेशने त्या माझ्या मैत्रिणींना, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना, गल्लीतल्या ओळखीच्या घरी नेऊन दिल्या. पाच-सहा जणींचे फोन आले. मी बाळाला पाजत पाजत सल्ले देत होते. इतकी खूश मी जन्मात नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी आई ठिणगीला न्हाऊ घालत होती आणि तिचा फोन वाजला. मी उचलला. शेवंता होती, गावात आमच्या शेजारी राहणारी, आईला अक्का आणि अप्पांना अण्णा म्हणणारी.

“अक्काला सांग,” ती म्हणाली, “काल अण्णांनी पैसे आणून दिले. पण सगळेच दिलेत की. थोडे तरी ठेवून घ्यायचे. बाकीच्या बायका बदलीवालीला अर्धेच देतात.”

“कसले पैसे?” मी विचारलं.

“शाळेतल्या कामाचे गे. मी तिच्या जागी नाही काय जात?”

आई गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवते. मानधन चार हजारांच्या आतलं. रजा घेतली तर बदली बाई स्वतः उभी करायची आणि पैसे स्वतःच्या मानधनातून द्यायचे. हे मला माहीत होतं. त्यावर तर मी लेख लिहिला होता! आणि आई दीड महिना माझ्या घरी आहे, तर शाळेत कोण शिजवतंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

म्हणजे आमचं बाळ माहेरच्या पैशावरच चाललं होतं. तेही आईच्या, आणि मी शंभर जणींना उलटं सांगून बसले होते.

आई ठिणगीला दुपट्यात गुंडाळून ओल्या हाताने बाहेर आली. मी विचारलं, तिने लपवलं नाही. “सगळे का दिलेस?” या प्रश्नावर मात्र तिला आश्चर्य वाटलं. “काम तिने केलं, मी कसे ठेवू? तुझ्या अप्पांचं पत्रक मीही वाचलंय.”

“मग तुझ्या कामाचं काय? इथल्या?”

“माझी नात आहे ती.”

“आणि शेवंताची नाही म्हणून तिला पगार?” मी म्हटलं. “आई, तुझे पैसे मी देणार.”

आता ती खरंच रागावली. “लेकीकडून पैसे घेऊ? गावात तोंड कसं दाखवू? नातीला तेल लावलं आणि मजुरी घेतली म्हणतील.”

दोनच वाटा दिसत होत्या. आईला परत पाठवायचं, नाहीतर दारात उभं राहून जे बोलले होते ते गुंडाळून ठेवायचं. एकीत बाळाचे हाल होते, दुसरीत माझ्या बोलण्याला काही अर्थ उरत नव्हता. वाट काढली ती आईनेच, दोन दिवसांनी, मेथी निवडता निवडता. “माझ्या हातात देऊ नकोस. शेवंताला दे. बदली तुझ्यासाठी आहे, तर पगार तू दे. माझं मानधन माझ्या खात्यात राहू दे.” आणि मेथीची जुडी बाजूला ठेवून, “आणखी एक. शाळेला रविवारी सुट्टी असते.”

“म्हणजे?”

“म्हणजे मलाही पाहिजे.”

महेशने तेव्हाच्या तेव्हा कागद काढला. पाच हजार आता जवळजवळ नऊ हजारांवर गेले. बचतीची ओळ खोडली. बारशाचं जेवण घरच्या घरी, लिंबूभात आणि शिरा. मी घरी बसून प्रूफं तपासायचं काम घेतलं, बाळ झोपेल तेवढा वेळ. महेशने दुकानात वर्षअखेरीचे जादा तास मागून घेतले. ओढाताण झाली, पण ते आकडे खरे होते.

आणि रविवारी! आई बस पकडून हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात गेली. एकटी. संध्याकाळी परत आली ती लिंबाएवढ्या पिवळ्या रंगाची साडी घेऊन, स्वतःसाठी, स्वतःच्या मानधनातून. “सहाशे सांगत होता. चारशे ऐंशीला पाडला,” असं तिने उंबऱ्याच्या बाहेरूनच जाहीर केलं. इकडे महेशने ठिणगीला पहिल्यांदा आंघोळ घातली होती आणि बाळ सोडून सगळं घर भिजलं होतं. आई फरशीकडे बघून कितीतरी वेळ हसत राहिली. “मजुरी कापा ह्याची,” म्हणाली.

अप्पांना मी फोन केला. त्यांना बदलीचं माहीत होतं, पैसे तेच पोचवत होते. मला म्हणाले, “तुझ्या आईने शपथ घातली होती.” मग घसा साफ करून, “चुकीचं पत्रक ज्याच्या हातात दिलंस, दुरुस्ती त्याच्याच हातात द्यायची. भिंतीवर चिकटवून पळायचं नाही.” तशी मी आधी नुसत्या आकड्यांची दुरुस्ती दोन्ही भाषांत छापली आणि गेले, ठिणगीला कुशीत घेऊन, शंभर प्रती संपेपर्यंत, दारोदार. बहुतेक ठिकाणी दार उघडणारी बाई हसली. आमच्या घरमालकीणबाईंनी कन्नड बाजू वाचली, ओट्यावर पोळ्या लाटणाऱ्या त्यांच्या आईला मोठ्याने वाचून दाखवली. म्हातारीने लाटणं खाली ठेवलं आणि हात पुसून तो कागद स्वतःकडे मागून घेतला.

तीन महिन्यांनी आई गावी परतली. आता माझं घर कुठलं असं कुणी विचारलं तर मला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. सप्तापूरच्या या दोन खोल्या माझं घर आहेत, कारण इथे मी चुकले, ओरडले, आणि आईला सुट्टी मिळाली. गावही माझं घर आहे, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी ते मी तिथून कितीही घेतलं तरी न मोजणारं ठिकाण होतं. आता मला दिसतं की तिथेही कुणीतरी स्वतःची रजा टाकून माझ्यासाठी उभं असतं. हे कळल्यापासून गाव मला जास्त जवळचं झालंय.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना एक मागणं आहे. तुमच्या बाळासाठी आज कुणाची तरी आई, सासू, बहीण तुमच्या घरात राबत असेल. हे वाचून झालं की उठा आणि तिला विचारा, “इथे येण्यासाठी तू काय सोडून आलीस?” ती ‘काही नाही’ म्हणेल. पुन्हा विचारा. मग ती जे सांगेल ते या महिन्याच्या खर्चात सगळ्यात वर लिहा, आणि येत्या रविवारी बाळाला तुम्ही न्हाऊ घाला.