स्वप्नांची फाईल

डोळे गेल्यापासून नरहररावांना फक्त स्वप्नात दिसायचं. सकाळी चहा झाला की ते कालचं स्वप्न सांगत आणि विनताबाई ते संगणकावर उतरवून घेत. सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या घरात चार वर्षं हा नेम चालला होता. संगणक जुना होता. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली होती ती नरहररावांनीच, नजर शाबूत असताना.

त्या सकाळी संगणक स्वतःला अद्ययावत करत होता आणि मध्येच वीज गेली. ती आली तेव्हा ना नेहमीचं निळं चित्र, ना फाईलींची रांग. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ आणि तिच्यापुढे लुकलुकणारी पांढरी रेघ. आपण नवऱ्याचं पाहणंच घालवून बसलो, असं विनताबाईंना वाटलं. दुकानात न्यावा म्हटलं, तर तिथला माणूस सगळं पुसूनच नवं घालील, ही धास्ती.

अखेर त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"काय दिसून राहिलं?" नरहररावांनी विचारलं.

विनताबाईंनी ओळ वाचून दाखवली. ते खुर्ची ओढून जवळ बसले. विजेच्या कार्यालयात ते संगणक चालवत, त्या काळी पडदे असेच काळे असत. माउस नंतर आला.

"अच्छा, तो नाव विचारून राहिला. लिही. मग पासवर्ड."

नाव उमटलं. पासवर्डचं एकही अक्षर उमटेना. त्या थांबल्या.

"दिसणार नाही ते," नरहरराव म्हणाले. "पण लिहिलं जातं. तू लिहीत राहा."

पासवर्ड लागून संगणकात शिरता आल्यावर नरहररावांनी आधी फाईलींची यादी मागवायला लावली. विनताबाई एकेक नाव वाचत गेल्या आणि 'स्वप्न' या नावाशी थांबल्या. फाईल जागेवर होती. मोडली होती ती नुसती वरची सजावट.

मग नरहरराव डोळे मिटून एकेक अक्षर सांगू लागले. कुठे जागा सोड, कुठे दोन आडव्या रेघा दे. पहिला हुकूम अर्धवट राहिलेलं काम पुरं करण्याचा, दुसरा डेस्कटॉप पुन्हा बसवण्याचा. पांढऱ्या ओळी पडद्यावरून संथपणे वर सरकू लागल्या, पाण्यातून बुडबुडे जावेत तशा. खोलीत ऊन होतं, बाहेर कडुलिंब हलत होता. हा पडदा आपण नरहररावांच्या आत बसून पाहतोय, असं विनताबाईंना वाटत राहिलं.

तासाभराने संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी रंग आला. चित्र निराळं होतं, हिरव्या डोंगरांचं. नरहररावांनी ते कसं आहे ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "चलो, एखादं वाच."

विनताबाईंनी मार्चमधलं एक स्वप्न उघडलं. बरगीच्या धरणाचं पाणी आरपार स्वच्छ झालंय, तळाशी बुडालेलं गाव आहे, आणि चिंचेच्या फांद्यांतून चांदीसारखे मासे पोहताहेत. एका ओट्यावर विनताबाई तांदूळ निवडत बसल्यात, पाण्याखाली, तरुण.

"हे मी पाहिलं होतं?"

"हो. तुम्हीच सांगितलं."

"साडी कोणती होती, ते नाही लिहिलं?"

"तुम्ही सांगितलंच नाही."

"जांभळी होती," ते म्हणाले. "लिहून टाक."