लेकीच्या गावचं पाणी

पुंजाराम म्हणजे माझा लंगोटीयार. तो शेत कसायचा, मी कपडे शिवायचो. तो दिवसभर चालला तरी दमायचा नाही, आणि मी मशीनवरून उठून पानाच्या दुकानापर्यंत गेलो तरी मला धाप लागायची. तरीही त्या वैशाखात गोजरबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला बोलावून सांगितलं, "भुजंगभाऊ, औंदा तुमी जा त्यायच्या संगं. वय झालं त्यायचं. डोंगरात कुठं चक्कर येऊन पडले तर कळायचं बी न्हाई." पुंजारामाला सांभाळायला मला पाठवायचं, हा त्या माउलीचा विनोदच होता.

आमचं गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, भोकरदनच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. पुंजारामाची एकुलती एक लेक झुंबर दिली होती डोंगरापलीकडे वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. गाडीरस्त्यानं मोठा वळसा पडायचा आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागायचं ते वेगळंच. म्हणून पुंजाराम दर उन्हाळ्यात डोंगर ओलांडून लेकीला भेटायचा आणि त्याच दिवशी परत फिरायचा. मुक्काम करायचा तर जेवावं लागणार, आणि नेमकं तेच त्याला चालत नव्हतं.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही रीत आमच्याकडे पुष्कळ जण पाळतात. पण पाळतात म्हणजे बेतानं पाळतात. कुणी पान खातो, कुणी कपभर चहा घेतो. पुंजारामाचं सगळंच टोकाचं. तो त्या गावच्या विहिरीचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचा नाही. गावाबाहेरच्या लिंबाखाली बसायचा, झुंबरला तिथंच बोलवायचा, सोबतची भाकर खायचा, सोबतचं पाणी प्यायचा आणि उठायचा. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी झुंबरला मूल नव्हतं. आपण एवढं कडक पाळलं तर देवाला कधीतरी पाझर फुटेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मला ते पटत नव्हतं, पण लेकीसाठी उन्हातान्हात डोंगर चढणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार?

पहाटे निघालो. त्याच्या डोक्यावर कुरडयांचं आणि पापडांचं गाठोडं, खांद्याला पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा. माझ्याकडे भाकरी. पहिल्या चढालाच मी सगळ्या देवांची नावं घेतली. ऊन वर आलं आणि डोंगर तव्यासारखा तापला. सावली म्हणावी तर सालईची वाळकी झाडं, अंगावर एक पान नाही. धोतराला कुसळं, पायाखाली सुटा मुरूम, ओढ्यात नुसते गोटे.

"दर साली ह्याच वाटेनं येतोस?" मी विचारलं.

"मंग? ह्याच्याहून सोपी वाट हाय, पण तिकडं वाघ राहतो म्हणतात."

हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. त्यानंतर मी त्याला चिकटूनच चाललो.

खिंड ओलांडून उताराला लागलो आणि पुंजारामाचा पाय मुरमावरून सटकला. गाठोडं त्यानं छातीशी धरून वाचवलं. तुंबा मात्र खडकावर आपटून फुटला. पाणी त्या तापल्या दगडानं असं पिऊन टाकलं, की ओलसुद्धा राहिली नाही.

"कुरडया शाबूत हायेत," तो म्हणाला आणि हसला. मला मात्र हसू येईना. पाण्यावाचून तोच डोंगर परत चढायचा म्हणजे ह्याच्या बायकोला मी काय तोंड दाखवणार?

गावापाशी पोचेपर्यंत त्याच्या ओठांची सालं निघाली होती. जीभ जड झाल्यानं तो बोलायचाही थांबला. लिंबाजवळ विहीर होती. मी काही कुणाचा बाप नव्हतो. एका बाईनं घागर ओतली, मी ओंजळीनं पोटभर प्यालो. पुंजाराम माझ्याकडे बघत राहिला.

"पी रे बाबा," मी म्हणालो. "देव हितं बघाया येत न्हाई."

त्यानं मान फिरवली. मला त्याचा असा राग आला, की त्याला धरून विहिरीत बुचकळावं.

निरोप मिळताच झुंबर आली. उंचपुरी, बापासारख्याच नाकाची. तिनं बापाचं तोंड बघितलं, फुटक्या तुंब्याची हकिकत माझ्याकडून ऐकली आणि तशीच परत गेली. आली ती पाण्याचा तांब्या घेऊन.

"आबा, प्या."

"तुला लेकरू होऊ दे, मंग पितो. तुझ्याचसाठी पाळून राह्यलो न मी."

"लेकरू न्हाई होणार आता," झुंबर म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "मला कळलंय ते, घरच्यांना बी कळलंय. ते कवा काई बोलले न्हाईत. पण तुमी दर साली हितं, समद्या गावाच्या नजरंपुढं कोरडे बसता आन् कोरडे जाता. मंग विहिरीवर बाया मला इचारतात, औंदा बी बाप न्हाई का प्याला? पाऊस पडंस्तोर इचारत राहतात. आबा, प्यायचं नसंल तर येऊ नका."

 पुंजारामाला किती लागलं असेल ते मला दिसत होतं, कारण असा पडलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. तिला वांझपणाचा बोल लागू नये म्हणून तो इतकी वर्षं डोंगर तुडवत होता, आणि बोल लागत होता तो त्याच्याच पायी.

त्यानं तांब्या घेतला. एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि गाठोडं उचलून उठला. मला वाटलं निघाला. पण तो डोंगराकडे वळलाच नाही. गावात शिरला, तोही मधल्या आळीनं, जिथं बायका ओट्यावर धान्य निवडत बसतात. हातातला रिकामा तांब्या सगळ्यांना दिसेल असा धरला होता. झुंबर मागून पदर सावरत धावत आली.

एका ओट्यापाशी तो थांबला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "बायांनो, झुंबरचा बाप हाये मी. लेकीच्या घरी जेवाया चाललोय, आन् रात्री बी तिथंच राहणार हाये."