उडणारं मागचं चाक

मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून नवऱ्याने पन्नास वर्षं जुनी अमेरिकन गाडी घेतली आणि कतारमधल्या अल वक्राच्या आमच्या पार्किंगमध्ये माझी सवत नांदू लागली. रंग लाल, आवाज पिठाच्या गिरणीचा आणि मागच्या चाकांवर टेम्पोला असतात तसे पोलादी पाटे. सिग्नल सुटल्यावर त्याने जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं धडधड उड्या मारायची आणि माझे दात एकमेकांवर आपटायचे. तो म्हणायचा, ताकद जास्त आहे. मी विचारायचे, कुणाला?

तीन वर्षांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. गाडी पुण्याला नेणं शक्य नव्हतं, विकावीच लागणार होती. दुखानच्या कॉलनीतला एक तरुण गिऱ्हाईक म्हणून तयारही होता. पण आमच्या साहेबांचं म्हणणं असं, की खोड काढल्याशिवाय गाडी द्यायची नाही. मला वाटलं, हा नुसता प्रामाणिकपणा.

आधी त्याने एक जादा पाटा चढवला, कारण सांगलीला त्याच्या मामाच्या टेम्पोला तसाच चढवायचे. गाडी मागून वर आली, उड्या तेवढ्याच राहिल्या. मग पाट्यांच्या पुढच्या टोकातले रबरी बुश बदलले. पंधरा दिवस गाडी शहाण्यासारखी वागली आणि पुन्हा उडू लागली. शेवटी आम्ही इथेच गॅरेज असलेल्या, मूळच्या रत्नागिरीच्या एका मेकॅनिक चाचांकडे गेलो. चाचा गाडीखाली शिरले, फाटलेलं रबर घेऊन बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी जॅकवर टांगलेली असतानाच बोल्ट आवळलाव ना?"

हा गृहस्थ ऑफिसात पंपांच्या दुरुस्तीचे नियम लिहितो. कोणता बोल्ट कधी आवळायचा, हे तो शंभर लोकांना शिकवतो. घरी मात्र गाडी हवेत असतानाच त्याने सगळं घट्ट करून टाकलं होतं, आणि चाकांवर वजन आल्याबरोबर रबर पिळवटलं होतं. त्यावरून मी त्याला मुळीच सोडलं नाही.

चाचांनी जादा पाटा उतरवला, नवे बुश बसवले आणि जोर लावल्यावर पाटे पिळवटू नयेत म्हणून खालून एकेक जाड लोखंडी दांडा जोडला. मग गाडी जमिनीवर ठेवून बोल्ट आवळले. यल्ला, म्हणाले, चला, चालवून बघा.

त्याने पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला. गाडी सरळ, मुकाट सुटली. मी टाळ्या वाजवल्या. तो मात्र स्टिअरिंगवरून नुसता हात फिरवत होता. दुरुस्ती एवढी का लांबत होती ते मला तेव्हा कळलं, आणि इतके दिवस चिडवल्याचं फार वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी तो तरुण आला. नवऱ्याने किल्ली पुढे केली.

"सॉरी, गाडी अजून तयार नाही," मी हिंदीत म्हणाले. "मागचं चाक उडतंय. आठवडाभर थांबावं लागेल."

तो बिचारा बरं म्हणून गेला. गिऱ्हाइकापासून साधा ओरखडाही न लपवणारा माझा नवरा किल्ली मुठीत धरून उभा होता. त्याने मला खोटं पाडलं नाही. त्याने माझ्यासाठी दार उघडलं, आणि मी जाऊन बसले.