इंटरकूलरचा अभ्रा

आमच्या दाजींचा मला पहिल्यापासून तिटकारा. ताईचा नवरा म्हणून तोंडावर 'या, बसा' करायचं, पण माणूस समोर आला की डोक्यात तिडीक जायची. एकतीस वर्षं त्यांनी कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. तिथला एकही गरम पाइप उघडा नसायचा. काचेचं कापड गुंडाळून वर सुईने टाके घातलेले. कुठे बोटभर उघडं दिसलं की समोरच्याची खरडपट्टी. "उष्णता म्हणजे कमाई, ती जाऊ द्यायची नाही," हे त्यांचं पालुपद. घरी चहाच्या किटलीलाही त्यांनी कापड शिवलं होतं. त्याच्यावर ओघळांचे इतके थर साचले होते की तिथला चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी, टर्बो बसवलेली छोटी गाडी घेतली, ती ताईसाठी. तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि रुग्णालय टेकडीच्या माथ्यावर, अकरा किलोमीटर नुसता चढ.

मी सख्खा मेहुणा, तोही मेकॅनिक, पण गाडी मला दाखवतील तर ते दाजी कसले. ते गेले एका चकचकीत दुकानात. तिथल्या गॉगलवाल्याने लॅपटॉप जोडून गाडीचा प्रोग्रॅम बदलला. ताकद वाढेल म्हणाला. ताकदीबरोबर उष्णताही वाढते, हे त्या भामट्याने सांगितलं नाही. मग ताईच्या पायांशी धग यायला लागली, म्हणून दाजींनी स्वतःच बॉनेट उघडून काम काढलं. झाल्यावर माझ्या गॅरेजमध्ये आले.

"सगळं झाकून टाकलंय," ते म्हणाले. "जरा नजर टाकतोस का?"

"तुम्हाला सगळं येतंच की," मी म्हणालो आणि हातातलं काम चालू ठेवलं. ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

त्यानंतर दोन महिने ती गाडी चढावर धापा टाकत होती. एसी लावला की आणखी मरगळायची. मग दाजी एसी बंद करायचे, भर दुपारी काचा खाली, आणि ताई पिशवीत ओकायची. ती हे फोनवर सांगायची आणि मला दाजींची किळस यायची. बायको भाजून निघाली तरी चालेल, पण मिजास सोडणार नाहीत.

एका मंगळवारी ती म्हणाली, "मी आता जाणार नाही रे. सुया सोसवतात, तो चढ नाही सोसवत."

दोन खेपा चुकल्या तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हत्यारं घेऊन तसाच निघालो. दाजींना नमस्कारही न करता बॉनेट उघडलं.

खोटं कशाला बोलू, सायलेन्सरचा पाइप त्यांनी असा बांधला होता की माझ्या हातून तसा झाला नसता. तो झाकायलाच हवा होता. पण बंपरच्या आतला इंटरकूलर? त्यालाही उशीचा अभ्रा घालावा तसं कापड घातलेलं, चारही बाजूंनी एकसारखे टाके. वर तेल आणि मेलेले किडे चिकटून काळा राप चढला होता.

"दाजी, अहो, हा थंड करायला असतो. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. ती इथे वारा लागून गार व्हायची. तापलेलीच आत गेली की गाडीचा संगणक इंजिन जपायला ताकद कापतो. तुम्ही कूलरला स्वेटर घातलाय."

"म्हणजे ही उष्णता फेकून द्यायची?"

"फेकून द्यायची."

दाजी घरात गेले. ब्लेड आणून एकेक टाका स्वतः उसवत बसले. ते काचेचं कापड सारखं आवळत राहिल्याने त्यांचे हात कोपरापर्यंत लाल, पुरळ उठलेले होते. दोन महिन्यांचं ते पुरळ मी आजच बघत होतो.

गॉगलवाल्याला फैलावर घेऊन जुना प्रोग्रॅम परत घालून घेतला. गुरुवारी मीच गाडी चालवली. एसी चालू, काचा बंद, आणि गाडी कुरकूर न करता वर आली. ताईच्या मांडीवर पिशवी घडी घातलेली तशीच होती.

चढून आल्यावर टर्बोची गाडी लगेच बंद करायची नसते. दोन मिनिटं तशीच चालू ठेवून टर्बोला निवू द्यायचं. आम्ही तिघं रुग्णालयाच्या दारात तसेच बसून होतो.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं," ताई दाजींना म्हणाली. "मग याला आधी का नाही विचारलंत?"

दाजी खिडकीबाहेर बघत हात खाजवत होते. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "म्हटलं, कशाला त्याला त्रास."

"तुमचा हट्ट नडला हो मला," ताई म्हणाली.

दोन मिनिटं म्हणजे काही कमी नसतात. मला माझीच शिसारी आली होती, आणि तरीही मी खरं काय ते सांगितलं नाही. वेळ झाल्यावर किल्ली फिरवून गाडी बंद केली.