खेकड्याची पकड आणि रुखमाबाईंचे पाणी

पन्नासच्या दशकात मी चांद्याच्या कॉलेजात कोहळे सरांसमोर पहिल्यांदा उभी राहिले, ती कॉन्व्हेंटातल्या सवयीने हात मागे बांधून. "हात बांधून रसायनशास्त्र कसं करशील?" असे म्हणत सरांनी माझ्या हाती ब्रश दिला. पहिला महिना मी काचेची भांडीच घासली.

धातूंच्या आयनांना धरून ठेवणारे रेणू, म्हणजे लिगँड, घडवणे हे सरांचे आयुष्यभराचे काम. ते सावली गावचे, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाढलेले. "बांधीतला खेकडा नांग्यांनी बोट धरते ना, तसा लोखंडाले धरणारा रेणू पाह्यजे. चुन्याले मात्र सोडून देणारा," असे ते समजावीत.

असा रेणू तयार करायला मला वर्ष लागले. वडिलांनी मुदत तेवढीच दिली होती. काही निष्पन्न झाले नाही, तर प्रयोगशाळा कायमची सोडायची. शेवटच्या आठवड्यात मी दोन नळ्यांत तो रेणू विरघळवला. एकीत लोखंडाचा क्षार घातला, दुसरी कोरी ठेवली. रेणूने लोखंड धरले तरच नळी लाल व्हायला हवी होती. दोन्ही लाल झाल्या! लोखंड नसतानाही रंग येतो, म्हणजे रेणू कुचकामाचा. मी स्टुलावर बसून रडू लागले.

"काऊन रडून राह्यली बाई?" प्रयोगशाळेत पाणी भरणाऱ्या रुखमाबाईंनी विचारले आणि सरांनाच बोलावून आणले. सरांनी नळ्या पाहिल्या, मग पाण्याची बाटली उचलली.

"रुखमाबाई, हे डिस्टिल्ड पाणी कुठचं?"

"थे तं सरलं होतं, भाऊ. बाईचं काम अडू नये म्हणून मीनं विहिरीचं भरलं."

"हंडे तांबडे करते, थ्याच विहिरीचं?"

"हो. पन गाळून भरलं, नाई तं तुमी बोंबलता!"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अवं, तू न देताच त्यानं विहिरीतलं लोखंड धरलं!"

मग शुद्ध पाण्यात प्रयोग पुन्हा केला, तेव्हा कोरी नळी नितळच राहिली. दुसऱ्या दिवशी सर स्वतः आमच्या घरी आले आणि वडिलांसमोर त्यांनी आमच्याच विहिरीचे पाणी लाल करून दाखवले. वडिलांनी नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "अजून किती वर्षं लागतील हिला?"

माझ्या प्रबंधात आभाराचे पहिले नाव रुखमाबाईंचे आहे. तो सरांचा आग्रह होता.

सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाला रुखमाबाई विहिरीचे पाणी घेऊन येणार आहेत. नळ्या मी आणीन. सर, आपण तसेच चष्मा काढून हसावे, आणि बांधीतल्या खेकड्यासारखे हे आयुष्य निरोगीपणे, घट्ट, शंभरीपलीकडे धरून ठेवावे.