सुरंगीच्या बुडाला मीठ

माहेरी, वेंगुर्ल्याकडं, आमच्या अंगणात सुरंगी होती. कळ्या उमलायच्या आत खुडून आई त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची. रस्ता रुंद करायला झाड तोडलं. बुडाशी उगवलेलं एकच रोप आईनं पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या हातात दिलं. "ह्येका तरी जगव गो," म्हणाली.

जगव! कुठं? संभाजीनगरात, सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमची नवी कॉलनी म्हणजे काल-परवापर्यंत ज्वारीचं रान. शेजारचे चाचा कुंपणावरून सांगायचे, "भाभी, ये झाड इधर नै टिकता, नीम लगाव." असा राग यायचा मला! बोलणाऱ्याचं काय जातं?

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या. सुरंगी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण रोप लावल्या दिवसापासून त्या घमेल्यात बसून अंघोळ करायच्या, साबण न लावता, आणि ते पाणी तांब्या-तांब्यानं रोपाला घालायच्या. "खाज सुटली तर सुटू दे. लई लांबून आलंय बिचारं," म्हणायच्या.

चैत्रात पानांच्या कडा करपल्या. माझा जीव थाऱ्यावर राहीना. दर रविवारी आईचा फोन यायचा. आधी सुरंगीची चौकशी, मग माझी. तिला काय सांगू?

मग मला शहाणपण सुचलं. आमच्याकडं माडाच्या बुडाला मीठ घालतात. म्हटलं, हे खाऱ्या वाऱ्यातलं झाड, याला मीठच कमी पडत असणार. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागल्यावर मी दोन मुठी खडेमीठ मातीत कालवलं. कुणालाही विचारलं नाही. माझ्या माहेरचं झाड, मला नाही कळणार तर कुणाला? तिकडं चार महिने पाऊस ते मीठ धुऊन नेतो, एवढंही या टाळक्यात आलं नाही. इथं घमेलंभर पाण्यात ते मुळाशीच बसलं.

आठ दिवसांत पानं गळून नुसती काडी उरली. नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं काहीच नव्हतं. मोरीत जाऊन, नळ कोरडा असताना, मी हमसून हमसून रडले.

रविवारी फोन वाजला. मी उचललाच नाही. आत्याबाईंनी घेतला.

"विहीणबाई, तुमचं झाड गेलं वो. माझ्यामुळं गेलं. मधी दोन दिस ताप होता मला, अंघोळ नाय केली, त्याला पाणी नाय पडलं. माफी करा."

पलीकडं आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "घे माय, तूच समजूत घाल तिची."

मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "होय गे आई, पाणीच कमी पडलां."