सोलरवरच्या कुरडया

जिना चढून गच्चीवर आला की तो आधी बोट जिभेला लावून ओलं करायचा आणि वर धरायचा. मग म्हणायचा, "हाय थोडासा." वाऱ्याबद्दल. भूक लागली का विचारलं तरी "हाय थोडीशी." अक्कल हाय का तुले, असं विचारलं तरी "हाय थोडीशी." नाचणगावात असा बोट वर करून उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर तो हाच.

आमच्या बिल्डिंगमध्ये लाईन गेली की पंप बंद आणि वरच्या मजल्यावर पाणी नाही. म्हणून पुरुषांनी बैठक घेऊन ठरवलं, गच्चीवर सोलर आणि वाऱ्याचा पंखा दोन्ही बसवायचे. दिवसा ऊन, रात्री वारा, दोघांची वीज एकाच बॅटरीत. बसवणारा हा. गच्चीवर आम्ही बायका कुरडया घालतो, हे बैठकीत कोणाला आठवलं नाही. गच्ची गेली तर वर्षाचं वाळवण गेलं. मी मधोमध बाज टाकून बसले.

"आजी, बाज हालवा ना जराशी."

"काऊन? सूर्य तुह्या बापाचा हाय का?"

"नाई जी, तुमचाच हाय. मले उसना पाह्यजे."

हसू आलं, पण उठले नाही. तेव्हा त्याने तोड काढली. लोखंडी सांगाडा डोक्याहून उंच करायचा, वर सोलर, खाली आमच्या चटया. पुरुषांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या.

उन्हाळ्यात कुरडया घातल्या. संध्याकाळी पाहतो तर जशाच्या तशा ओल्या. खाली सगळी सावली! एवढ्या लोकांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुलावर चढून सोलरवरच कापडं बांधली आणि त्यावर कुरडया घातल्या. काय वाळत होत्या! दुपारी लाईन गेली आणि पंपही बसला.

तो धावत आला. पंखा फिरत होता. मग त्याने सोलरकडे पाहिलं आणि खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आजी, तुमच्या कुरडयाईनं माही बिजली खाल्ली!"

"अन् तुह्या सावलीनं आमच्या कुरडया खाल्ल्या, त्याचं काय?"

हसणं थांबलं. "माहं चुकलं जी," तो सगळ्यांसमोर म्हणाला. चूक कबूल करणारे पुरुष मी फार पाहिलेले नाहीत. त्याने सांगाडा उतरवला. अर्धं सोलर जिन्याच्या खोलीवर नेलं, अर्धं पाण्याच्या टाकीवर. टाकीला सावली हवीच होती. गच्ची मोकळी झाली. मी त्याला गूळ घालून कुरडयांचा गरम चीक दिला. त्याने पातेलंही खरवडलं.

आता तो समुद्राकडे गेला आहे, मोठ्या पंख्यांच्या कामावर. इथे दुसरा माणूस येतो. काम बरं करतो, हसत नाही. पहिल्याच्या वाट्याच्या कुरडया मी दर उन्हाळ्यात घालते आणि तिकडे पाठवते. मागे त्याचा फोन आला.

"आजी, इथली हवा ओली हाय. कुरडया मऊ पडून राह्यल्या."

"मंग झाकण घट्ट लाव ना, बावळटा!"

यंदा डबा पाठवताना झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं. उघडताना घालू दे शिव्या.